गणिताचा ऑनलाइन वर्ग : आपणास मानवेल काय?

(वर्षावास प्रारंभानिमित्त भरलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे येतात आणि विचारतात, ‘पोराने महाविद्यालयाचे गणित मोबाइलवर शिकले तर चालेल का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. परंतु ते कसे शोधावे, हे सांगता येते.

हा प्रश्न केवळ फीचा नाही. न झेपणारा वर्ग निवडून मुलगा नापास झाला की तो वर्गाला दोष देत नाही. ‘गणित आपल्या डोक्यात शिरतच नाही’ असे म्हणतो आणि तो विषय कायमचा सोडतो. पुढे शास्त्र, संगणक, बँक, स्पर्धा परीक्षा ही सारी दारे त्याच्यासाठी बंद होतात. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांच्या अनुयायांनी आकड्यांना भिऊन मागे फिरावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

मज्झिम निकायात गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाचे सुत्त आहे. तो हिशेब शिकवणारा होता. श्रावस्तीत त्याने भगवंतांना विचारले, आम्ही शिष्याला एकापासून शंभरापर्यंत क्रमाने मोजायला शिकवतो, तशी आपल्या धम्मात क्रमाने शिकवण आहे काय? भगवंतांनी होकार दिला व एकेक पायरी सांगितली. मग त्याने विचारले, आपले सर्व शिष्य ध्येयाला पोहोचतात काय? तेव्हा तथागतांनी राजगृहाच्या वाटेचा दाखला दिला. वाट विचारणाऱ्या दोघांना तीच वाट सांगितली तरी एक पोहोचतो, दुसरा भलतीकडे जातो. सांगणारा केवळ मार्ग दाखवणारा असतो. ऑनलाइन वर्गाचे सारे मर्म या सुत्तात आले आहे. पायरी चुकवून चालत नाही आणि चालायचे ज्याचे त्यालाच असते.

म्हणून पहिली कसोटी पायरीची. महाविद्यालयाचे पहिले गणित बहुधा कलनशास्त्राचे असते. त्यात मुले अडतात ती विकलनात कमी आणि जुन्या बीजगणितात जास्त. अकरावी-बारावीच्या पुस्तकातून अपूर्णांक, अवयव, वर्गसमीकरण, लॉगॅरिथम व त्रिकोणमितीची दहा उदाहरणे काढा. उत्तर न पाहता कागदावर सोडवा. सात-आठ बरोबर आली तर पुढे जा. चारच आली तर आधी दोन महिने मागची डागडुजी करा. प्रत्यक्ष वर्गात गोंधळलेला चेहरा पाहून सर थांबतात; पडद्यावरचे सर थांबत नाहीत.

दुसरी कसोटी वेळेची. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या व्यासपीठावर, जे २०१७ साली सुरू झाले, बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. आठवड्याला अडीच-तीन तासांची व्याख्याने धरली तर सरावाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे आठवड्याला आठ-नऊ तास झाले. फळ्यावर उदाहरण सुटताना सारे सोपे वाटते. वही मिटून तेच पुन्हा करून पाहिले की खरे कळते. घरात एकच मोबाइल असेल, मुलीवर स्वयंपाकपाण्याचा भार असेल, तर हे तास कोठून येणार, ते आधी घरात बसून ठरवावे. मुलीचा अभ्यासाचा तास हा घराने पाळायचा तास आहे, हे आम्ही पालकांना आवर्जून सांगतो.

तिसरी कसोटी विचारण्याची. गणिताची शंका टाइप करणे कठीण असते. वहीचे पान दाखवून ‘येथे अडलो’ असे ज्याला म्हणता येईल, असा एक तरी माणूस जवळ हवा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी विकलन, संकलन यांचे इंग्रजी प्रतिशब्द प्रथमच वहीत लिहून ठेवावेत. नाहीतर येणारे गणितही परके वाटते.

चौथी कसोटी मान्यतेची. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेण्याची मुभा दिली आहे. तरीही आपले महाविद्यालय त्या विषयाचे श्रेयांक धरणार काय, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्या. शिष्यवृत्तीवर परिणाम होतो काय, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. पूर्ण पदवी ऑनलाइन घ्यायची असेल तर आयोगाच्या यादीत त्या संस्थेचे नाव पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

मग हा वर्ग मानवतो कोणाला? पाळीची नोकरी करणाऱ्या तरुणाला, लग्नानंतर शिक्षण पुन्हा धरणाऱ्या भगिनीला, ज्या गावच्या महाविद्यालयात गणिताची जागा रिकामी आहे तेथील विद्यार्थ्याला तो वरदान ठरू शकतो. उलट ज्याचा पाया कच्चा आहे आणि ज्याच्या जवळ चांगले महाविद्यालय आहे, त्याने बाकावर बसूनच शिकावे. त्यात कमीपणा काही नाही.

भगवंतांनी कालामांना सांगितले होते की केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. तेव्हा जाहिरातीवर जाऊ नका आणि आमच्या सांगण्यावरही विसंबू नका. ‘स्वयम’वर नाव नोंदवून शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेचीच फी असते. दोन आठवडे शिकून पाहा. दिलेला गृहपाठ वेळेत स्वतः पूर्ण झाला तर वर्ग तुमचा आहे.

आजपासून वर्षावास सुरू होत आहे. तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहून अध्ययन करतात. जुलैचे सत्रही जवळजवळ तेवढेच चालते. आपल्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचे वाचन होते. त्यानंतर एक तास विहाराचा दिवा मुलांसाठी चालू ठेवावा, आणि समाजातील शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी यांनी आळीपाळीने तेथे बसावे, अशी आमची नम्र विनंती आहे. मार्ग पडद्यावरून दिसेल. वाटेत सोबत मात्र आपणच द्यावयाची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!