आधी काढा, मग लावा



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज मात्र आम्ही खाज, घामोळे आणि नायटा यांवर बोलण्यास उभे आहोत. विषय क्षुल्लक वाटेल; पण ज्याची झोप रात्रभर खाजवण्यात जाते त्याला तो तसा वाटत नाही.

कसाऱ्याच्या गाडीने आसनगाव सोडले की आटगाव लागते. आम्ही त्या बाजूचे. आमच्या शहापूर-मुरबाड भागात वर्षाचे पंचांग अंगावरही उमटते. वैशाखात घामोळे, आषाढात लावणीच्या चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, थंडीत टाचांना भेगा. आणि रानात गेले की खाजकुयली आहेच. अंगावर असे काही उठले की घरात पहिला प्रश्न निघतो तो "काय लावू?" हा. आमचे म्हणणे इतकेच की, पहिला प्रश्न "काय काढू?" असा असावा.

याचे एक जुने उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात या देशात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर खाजरे चट्टे उठू लागले. शोधाअंती दोष निघाला तो धोब्याच्या खुणेत. कपडे ओळखता यावेत म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करी, आणि ती खूण जिथे अंगाला लागे तिथेच चट्टा उठे. तो कपडा अंगावर ठेवून मलमे चोपडली असती तर काय उपयोग झाला असता? बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातील झाडे. म्हणून आंब्याचा चीक लागून मुलांच्या ओठांशी पुरळ उठते. आंब्याचे देठ काढून चीक गाळून टाकावा, फळ धुवावे. चीक अंगाला लागलाच तर तो भाग ताबडतोब साबणाने धुवावा. दुखऱ्या जागी बिब्बा घालण्याची जुनी चाल मात्र सोडावी. तो उतला म्हणजे मूळ दुखणे बरे, असे म्हणण्याची पाळी येते.

खाजकुयलीचेही तसेच. तिची कुसे अंगात रुतलेली असताना चोळले की ती आणखी पसरतात. न चोळता चिकटपट्टीने ती उचलून घ्यावी, मग धुवावे आणि कपडे बदलावे. घामोळ्यात घामाची वाट बुजलेली असते. तिच्यावर तेलाचा किंवा पावडरीचा थर देणे म्हणजे बुजलेल्या गटारावर आणखी माती लोटणे होय. सैल सुती कपडे, वारा, साध्या पाण्याची अंघोळ आणि खाजऱ्या जागी पंधरा मिनिटे ओल्या फडक्याची घडी, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. चिखल्यांत काढायचा तो ओलावा. संध्याकाळी पाय धुऊन प्रत्येक बेचके कोरडे पुसावे. खोबरेल तेलाचे खरे काम भेगांचे आणि कोरड्या कातडीचे; ते अंघोळीनंतर लगेच लावावे.

आता नायट्याकडे वळू. हल्ली सर्वांत जास्त फसवणूक येथे होते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना जांघेत नायटा झाला. शेजाऱ्याने आपली ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली, म्हणून त्यांनी शेजाऱ्याचे आभार मानले. दोन महिन्यांत नायटा पोटापर्यंत चढला आणि घरात आणखी दोघांना झाला. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. ते लाली आणि खाज दाबते, पण नायट्याच्या बुरशीला मोकळे रान देते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. पण शेजाऱ्याच्या फडताळाला कायदा लागू होत नाही. म्हणून नायट्यावर उसने मलम लावू नये, पंचा प्रत्येकाचा वेगळा असावा, अंग कोरडे ठेवावे. आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत.

खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ असेल आणि घरातील इतरही खाजवत असतील, तर ती खरूज समजावी. ती एका सूक्ष्म किड्याने होते. डॉक्टरांनी दिलेले औषध घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे. एकाने लावले आणि चौघांनी टाळले तर खरूज पुन्हा घरी येते. औषधानंतरही काही आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फुकट गेले असे समजू नये.

"कपडे गरम पाण्यात धुवा" हे सांगणे सोपे आहे. पण येथे आम्ही थोडे अडखळतो. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव १८९२ साली झाला. पुढे वैतरणा आणि भातसाही आली. ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत असतात. ज्या घरी पिण्याला दोन हंडे पाणी नाही, तेथे अंथरूण कशाने धुवायचे? अशा घरासाठी एक उपाय आहे. माणसाच्या अंगावेगळा झालेला खरजेचा किडा बहुधा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. कपडे आणि गोधड्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवल्या तरी काम होते. मात्र हा उपाय आहे म्हणून पाण्याचा प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. शहरात नळ सोडताना हे आठवावे.

शेवटी, घरगुती उपायांची हद्द कोठे संपते तेही सांगतो. पुरळाबरोबर ताप आला, तोंड सुजले, दम लागला, पू झाला, किंवा रुग्ण तान्हे मूल असले, तर वाट पाहू नये. आणि फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर खाज नाही म्हणून मुळीच निश्चिंत राहू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वेळेवर घेतले तर हातपाय शाबूत राहतात. लाजेने दडवले तर मात्र जे बरे होणारे होते तेच जन्माचे होऊन बसते.

घरी गेल्यावर फडताळ उघडून पाहा. नाव पुसलेल्या, दुसऱ्यासाठी आणलेल्या ट्यूब तेवढ्या बाहेर काढा. आजच्या व्याख्यानाचे एवढे फळ पदरात पडले, तरी आमचे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.