गावी येणं आणि भेट होणं

आज बलिप्रतिपदा, दिवाळीचा पाडवा. आज मंडपात रोजच्या दुप्पट माणसं आहेत, आणि ती बुवांसाठी आलेली नाहीत हे बुवांना चांगलं ठाऊक आहे. तुमची लेकरं आलीत. कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी वाळूजच्या कंपनीतून. ती बघा, मागं खांबाला टेकून उभी आहेत, कडेवर पोरं घेऊन. बाबांनो, पुढं या, सतरंजी मोकळी आहे. गावच्या देवळात पाहुण्यासारखं उभं राहू नये.

आज चिंतनाला विषय घेतलाय माहेराचा. आपल्या संप्रदायात पंढरीला माहेर म्हणतात. आता माहेर हा शब्द कुणाचा? सासुरवाशिणीचा. मग एवढाल्या दाढीमिशांच्या वारकऱ्यांनी तो आपल्या तोंडी का घेतला? कारण माहेरी गेलेल्या लेकीला कुणी तिची किंमत विचारत नाही. तू काय आणलंस, तुझा हुद्दा काय, हे तिथं चालत नाही. अंगणात पाऊल टाकलं की आई आधी तोंडाकडं बघते आणि म्हणते, वाळलीस गं. लेक चार किलोनं वाढलेली असली तरी म्हणते! ज्या ठिकाणी आपल्याला असं बघणारं कुणी आहे, ते माहेर. वारकरी वीस-वीस दिवस चालतो, दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहतो, आणि पायांवर डोकं टेकायला मिळतं किती? डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तरी परत येताना म्हणतो, भेट झाली. आणि आपण चार दिवस गावी राहून जातो. मी तुम्हाला एवढंच विचारतो, भेट झाली का?

गावी येणं सोपं राहिलेलं नाही, हे आधी कबूल करू. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही ऐका. वसुबारसेच्या रात्री पुण्याहून निघायचं म्हणजे काय असतं! शिवाजीनगरची गाडी वाकडेवाडीहून सुटते. आरक्षण महिनाभर आधी भरलेलं, खाजगी गाडीचं भाडं सणाला गगनाला भिडलेलं. वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर, गाडी मुंगीच्या पावलानं. पोरीला गाडी लागते, आई बॅगेतून आवळा सुपारी शोधते, बाप एका हातानं पिशवी धरून दुसऱ्या हातानं साहेबाच्या निरोपाला उत्तर देतो. नगर येईपर्यंत मध्यरात्र उलटते. शेवगावला उजाडतं. तिथून पुढं भावाच्या मोटारसायकलवर तिघं आणि दोन बॅगा.

असं ते बिऱ्हाड दारात येतं. अजून बॅग खांद्यावरून उतरलेली नाही. आजी ओसरीवरून उठते, भाकरतुकडा ओवाळून टाकते, डोळ्याला पदर लावते, आणि पहिला प्रश्न विचारते, "किती दिवस हायेस?"

लेक म्हणतो, "भाऊबीज झाली की निघायचं, आई."

झालं. ओसरीवर बसलेला म्हातारा खाली मान घालतो. आता पुढचे चार दिवस त्या घरात कुणी फराळ करत नाही, जाण्याचे तास मोजतात. अभ्यंगस्नानाच्या पाटावर बसल्यावरही आजीच्या मनात तेच, चतुर्दशी झाली, आता तीनच दिवस. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे ठेवताना म्हणते, परवा या वेळेला घर मोकळं. अहो, आलेलं माणूस समोर बसलंय, आणि तुम्ही त्याच्या पाठीकडं बघून रडताय!

आता दुसरी बाजू. पोरगा आला. आल्या दिवशी झोपला. दुसऱ्या दिवशी शाळेतले मित्र आले, रात्री अकराला परतला. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला, दोन तासांचंच काम होतं म्हणाला. म्हातारा दोनदा खोलीच्या दारापर्यंत आला आणि परत गेला. त्याला काही फार बोलायचं नव्हतं. कपाशीची पहिली वेचणी झालीय, बोंडअळीनं किती खाल्लं, ज्वारी कुठल्या तुकड्यात पेरायची, एवढंच. तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं, मला शेतीतलं काय कळतं? अरे, तो तुला सल्ला नाही विचारत. तुझ्याबरोबर बांधावरून एक चक्कर मारायची आहे त्याला. शेजारच्यानं बघावं, की लेक आलाय.

आपल्या पैठणचीच कथा सांगतो. फाल्गुनात षष्ठीला तुम्ही सगळे तिथं जाता, नाथांच्या समाधीचं दर्शन घेता. पण त्या नाथांचे आजोबा, चक्रपाणी, त्यांची आठवण किती जण काढतात? नाथांचे आईवडील नाथ लहान असतानाच गेले. आजोबा-आजींनी नातू वाढवला. म्हातारपणी दोघांच्या घरात तेवढा एकच दिवा. मुंज केली, अध्ययनाला घातलं. मुलगा मोठा बुद्धीचा. आणि बारा वर्षांच्या आसपासचा हा नातू एके रात्री घरात कुणाला न सांगता निघून गेला. शिवालयात बसलेला असताना देवगिरीला जनार्दनस्वामींकडं जा अशी वाणी झाली, असं चरित्रकार सांगतात. नातवाला गुरू भेटला, फार चांगलं झालं. पण घरी काय झालं असेल?

पैठण ते देवगिरी आजच्या रस्त्यानं साठ-पासष्ट किलोमीटर. एसटीनं दोन-अडीच तासांत पोचाल. पण तेव्हा ना निरोप, ना फोन. म्हातारी रोज दोन पानं वाढायची की तीन, एवढं मनात आणून बघा. ज्यांच्या घरी यंदा कुणीच आलं नाही, ज्यांचा लेक आखाती देशात आहे, सीमेवर आहे, किंवा नुसता रुसून बसलाय, त्यांना हे सांगायला नको. त्यांनी अंगणात पणती लावलीच असेल. चक्रपाणींनीही लावली असेल.

पुढं काही वर्षांनी सुगावा लागला. चक्रपाणी देवगिरीला गेले. बघतात तो नातू तिथं नाही! गुरूच्या आज्ञेनं तीर्थयात्रेला गेलेला. म्हातारा माणूस एवढा जीव गोळा करून गेला आणि चुकामूक. पण जनार्दनस्वामी किल्लेदार असले तरी अंतःकरणाचे मऊ. त्यांनी म्हाताऱ्याचं मन जाणलं आणि एक पत्र लिहून दिलं. आशय एवढाच, की एकनाथा, हे पत्र ज्या जागी तुझ्या हाती पडेल, त्या जागी मुक्काम कर. ते पत्र घेऊन चक्रपाणी पैठणला परत आले. आणि ते जपून ठेवून वाट बघत राहिले. किती जपलं असेल! आपल्याकडं विम्याचे कागद जपतात तसं म्हणू नका, त्याहून जास्त.

पुढं यात्रा आटोपून नाथ पैठणला आले. आणि आता नीट ऐका. गावात आले, पण घरी गेले नाहीत. पिंपळेश्वराच्या देवळात उतरले. गाव गाठलं, उंबरा नाही गाठला. का? आपल्या मनाला विचारा. घरी गेलं की माया गळ्यात पडेल, प्रश्न विचारतील, अडकवतील. आजच्या पोरांना हे समजावून सांगायला नको. गावात येऊन मित्राकडं मुक्काम करणारे मी बघितलेत, कारण घरी गेलं की बोलणी.

अशात एक दिवस रस्त्यात आजोबा आणि नातू समोरासमोर आले. आता चक्रपाणींच्या जागी मी-तुम्ही असतो तर काय केलं असतं? आधी एक थोबाडीत. मग, कुठं होतास? तुझ्या आजीचे काय हाल झाले, ठाऊक आहे का? लोक काय म्हणाले, माहीत आहे का? बोलायचा हक्क होता हो त्यांना! वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. नाथ पायांवर पडले. म्हाताऱ्यानं पोटाशी धरलं, आणि गुरूचं पत्र हातात दिलं. नाथांनी पत्र वाचलं आणि रस्त्यातच, ज्या मातीवर उभे होते तिथंच बसले. पुढचं पाऊल टाकलं नाही. घर पुढं आहे, चल म्हणावं तर आज्ञा इथंच थांबायची! मग म्हाताऱ्यानं काय केलं? नातू घरी येत नाही तर घर नातवाकडं नेलं. त्या जागी निवारा उभा केला. पुढं गिरिजाबाईंशी लग्न झालं, संसार झाला, आणि ज्या घरी अन्नाला आलेला माणूस कधी विन्मुख गेला नाही असं नाथांचं घर पैठणात उभं राहिलं.

म्हाताऱ्यांनो, तुम्ही वर्षभर काय सांभाळून ठेवता? लाडू, शेवया, गावरान तूप, हरभऱ्याची डाळ, हे ठेवता, ते बरंच आहे. पण त्याच्याबरोबर गाऱ्हाण्यांचं गाठोडंही ठेवता. गौरीला आला नाहीस. फोनवर सुनेनं नीट विचारलं नाही. धाकट्याला तू काही दिलं नाहीस. पोरगा दारात आला की ते गाठोडं सुटतं. पंढरीचा देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे म्हणतात. कुणी वर्षातून दोनदा येतं, कुणी जन्मात एकदा. त्यानं कधी कुणाला विचारलं का, इतके दिवस कुठं होतास? कमरेवरचा हात काढून बोट रोखलं का कुणावर?

आणि तरुण मंडळी, तुमची सुट्टी झाली, पण बरोबर आलेल्या त्या माउलीचं काय? ती पण नोकरी करते. ती पण रात्रभर त्याच गाडीत होती, पोरगी तिच्याच मांडीवर ओकली. सकाळी पोचल्यावर तुम्ही पडलात अंथरुणात, आणि तिनं पदर खोचून चुलीपुढं बसायचं. गावाकडं सुनेला सुट्टी नसते, हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय, मला दाखवा. जनाबाईचं दळण दळायला प्रत्यक्ष पांडुरंग जात्याला बसला, असं आपण हातात टाळ घेऊन सांगतो. देवानं जात्याचा खुंटा धरला तर तुम्हाला करंज्या तळायला काय होतं? आणि बघा तरी करून. लेक स्वयंपाकघरात येऊन बसला की आई जे बोलते, ते ओसरीवर कधी बोलत नाही. गुडघा किती दुखतोय, गोळ्या मध्येच बंद केल्यात, हे तिथं कळतं.

तिचंही माहेर आहे, हे विसरू नका. उद्या भाऊबीज. तिचा भाऊ दुसऱ्या तालुक्यात वाट बघतोय. सासू म्हणते, सकाळी जा, संध्याकाळी परत या. अहो, तुमच्या लेकीच्या सासूनं असं म्हटलं तर? उद्याची रात्र तिला तिच्या आईजवळ झोपू द्या. आणि भावांना एक जाता जाता सांगतो. बहीण ओवाळायला आली की तिच्यापुढं हक्कसोडाचा कागद काढू नका. २००५ सालापासून साऱ्या देशात, आणि आपल्या महाराष्ट्रात १९९४ पासून, कायद्यानं लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाबरोबरीचा हक्क दिलाय. तिनं सोडायचा की नाही ते तिचं ती ठरवील. ओवाळणीच्या ताटाला सातबाऱ्याचा वास नको.

आता वेळ थोडा राहिलाय. कुणाची गाडी परवा पहाटेची, कुणाची उद्या रात्रीचीच. म्हणून आज घरी गेल्यावर कुणी कुणाला निघण्याची वेळ विचारू नका. फोन उशाखाली ठेवा आणि ओसरीवर बसा. बोलायला सुचलं नाही तर नुसते बसा. पोरांना आजोबांच्या पुढ्यात द्या. आजोबाचा मुंडासा कसा बांधतात, बैलाचं नाव काय होतं, विहीर कुणी खणली, हे पोरं विचारतील. तुम्ही विचारलेलं नसेल ते पोरं विचारतात.

कोजागरीपासून देवळात काकडा चालू आहे, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालेल. रोज पहाटे दहा-बारा म्हातारे असतात, मृदंग वाजवायलाही माणूस अपुरं पडतं. गल्लीतले आबा रोज कंदील घेऊन एकटे येतात. उद्या साडेचारला घंटा होईल. शहरातल्या पोरांना एवढ्या पहाटे उठायची सवय नाही, कुरकुर करतील. झोपेतच उचला, आजीची शाल गुंडाळा आणि आणा. काकड्याला दही-लाह्यांचा प्रसाद आहे, आणि टाळांचे चार जोड जास्तीचे काढून ठेवायला मी सांगितलंय. बोला, पंढरीनाथ महाराज की जय.