तेलविहिरीतील पाणी आणि भागधारकांची चिंता

खनिज तेलाच्या विहिरीतून पाणी येऊ लागले की तीत पैसा गुंतविणाऱ्यांच्या मनात धास्ती उत्पन्न होते. ही धास्ती अनाठायी असते असे नाही. परंतु पुष्कळदा ती चुकीच्या प्रश्नाभोवती घोटाळते. पाणी किती येते हा खरा प्रश्न नव्हे. ते कोठून येते, हा आहे.

भूगर्भात तेलाचे तळे नसते. तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत किंवा भेगांत साठलेले असते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे बहुधा खाऱ्या पाण्यावर विसावलेले असते. तेल उपसले जाते तसतसा दाब घटतो आणि खालचे पाणी वर सरकते. म्हणून जुन्या विहिरीतून तेलाबरोबर पाणी येणे स्वाभाविकच होय. इतकेच नव्हे, तर भूगर्भातील दाब टिकावा यासाठी मुंबई हायच्या क्षेत्रात पाणी मुद्दाम खाली सोडले जाते. परंतु नव्या विहिरीत अपेक्षेआधी पाणी आले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. एक तर खडकातील एखाद्या पोकळीत अडकून राहिलेले थोडे पाणी बाहेर पडत असेल. ते काही काळाने संपेल. किंवा तेलाखालचा अफाट जलसाठाच वर येत असेल. पहिला अर्थ खरा असेल तर धीर धरावा. दुसरा खरा असेल तर मुळात तेलच कमी आहे असे समजावे.

ब्रिटनमधील हरिकेन एनर्जी या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शेटलंड बेटांच्या पश्चिमेस, समुद्रतळाखालील अतिप्राचीन स्फटिकमय खडकाच्या भेगांत साठलेल्या तेलाचा शोध ही कंपनी घेत होती. 2009 साली तिला लँकेस्टर क्षेत्रात तेल सापडले आणि जून 2019 मध्ये दोन विहिरींतून उत्पादन सुरू झाले. कंपनीचे सारे उत्पन्न या एकाच क्षेत्रावर अवलंबून होते. पुढे त्यांपैकी एका विहिरीत पाण्याचे प्रमाण वाढू लागले. हे पाणी खडकात अडकून राहिलेले असावे, असा कंपनीचा प्रारंभीचा कयास होता. परंतु 2020 साली ती विहीर बंद ठेवावी लागली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फेरतपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले. तेल व पाणी यांची सीमा पूर्वी मानली होती त्याहून बरीच वर असावी, असे त्यांतून दिसून आले. लँकेस्टरमधील संभाव्य तेलाचा अंदाज 48 कोटी 60 लाख पिंपांवरून 5 कोटी 80 लाख पिंपांवर आला. समभागांचे मूल्य कोसळले.

मोठ्या कंपनीच्या शेकडो विहिरींपैकी एक बिघडली तर तिच्या हिशेबात एखादी ओळ बदलते. लहान कंपनीचा तर सारा हिशेबच एका विहिरीत असतो. शिवाय येथे 23 कोटी डॉलर्सच्या रोख्यांची मुदत जुलै 2022 मध्ये संपत होती. 2021 साली कंपनीने अशी योजना मांडली की, कर्जाचा काही भाग समभागांत रूपांतरित करून 95 टक्के मालकी रोखेधारकांना द्यावी आणि जुन्या भागधारकांच्या हाती केवळ 5 टक्के राहावी. भागधारकांनी तिला कडाडून विरोध केला. कंपनी अद्याप नफ्यात तेल काढीत आहे आणि कर्ज फेडण्यास वर्षाहून अधिक अवधी आहे, मग मालकी आजच का सोडावी, असा त्यांचा सवाल होता. जून 2021 मध्ये इंग्लंड व वेल्सच्या उच्च न्यायालयाने या योजनेस मंजुरी नाकारली. पुढे तेलाचे भाव चढले, 2022 साली रोख्यांची पूर्ण परतफेड झाली, आणि 2023 साली कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतली.

भागधारकांचा विजय झाला खरा. परंतु त्यामुळे खडकातील तेल एका पिंपानेही वाढले नाही. त्यांना तारले ते मुदतीने आणि बाजारभावाने. अनुमान चुकले होते ते चुकलेलेच राहिले. म्हणून विहिरीत पाणी दिसताच घाबरून समभाग विकणे जसे अविचाराचे, तसेच केवळ दिलासा देणाऱ्या खुलाशावर विसंबून राहणेही अविचाराचेच. गुंतवणूकदाराने तीन गोष्टी विचाराव्यात : पाण्याचा उगम कोणता, त्याचा पुरावा कोणता, आणि उत्तर प्रतिकूल ठरले तर देणी भागविण्यास किती अवधी उरतो. यांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे भूगर्भशास्त्र देते; तिसऱ्याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत सापडते. एकच विहीर असलेल्या कंपनीत या दोन्ही वह्या एकत्र ठेवून वाचल्याखेरीज पाण्याचा अर्थ उमगत नाही.