जन्मनोंदीतील पित्याचे नाव

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जन्मनोंदवहीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा दिसला तर कोणालाच नवल वाटत नाही. बारसे व्हायचे असते, नाव मागाहून येते. पित्याच्या नावाचा रकाना कोरा दिसला, की मात्र टेबलापलीकडचा आवाज बदलतो. आई उभी असते, कडेवर मूल असते आणि चार माणसांदेखत प्रश्न विचारला जातो. तो विचारण्याची गरज केव्हा असते आणि केव्हा नसते, याचा आज विचार करावयाचा आहे.

रकाना कोरा राहण्याची किंवा चुकीचा भरला जाण्याची बहुतेक कारणे अगदी साधी असतात. जन्माची नोंद आईबापांच्या मूळ गावी होत नाही. जन्म जेथे झाला तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. तेथे खबर देणारा बाळाचा मामा किंवा आजोबा असतो आणि जावयाला घरात ज्या नावाने हाक मारतात तेच नाव तो सांगतो. कागदोपत्री ज्ञानेश्वर असलेला गृहस्थ ‘माउली’ म्हणून नोंदला जातो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली बाई कारखान्याच्या परिसरातील दवाखान्यात प्रसूत होते. नवरा फडात असतो. अर्ज भरताना जेवढे सांगितले जाते तेवढेच लिहिले जाते. हंगाम संपतो, टोळी परतते आणि शाळेत नाव घालताना सहा वर्षांनी चूक उघडकीस येते. मग आईबाप गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालू लागतात. त्याचा उपयोग नसतो, कारण मूळ नोंद ज्या निबंधकाकडे आहे त्याच्याकडेच दुरुस्ती होते, मग ते कार्यालय कितीही दूर असो. शिक्षकांनी पालकांना ही गोष्ट सर्वांआधी सांगितली, तर त्यांचे कित्येक दिवसांचे खाडे वाचतील.

दुरुस्तीचा आधार जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १५ मध्ये आहे. नोंद स्वरूपाने किंवा आशयाने चुकीची आहे, अथवा ती कपटाने वा गैररीतीने केली गेली आहे, असे निबंधकाच्या खात्रीस पटेल अशा रीतीने सिद्ध झाले, तर तो ती दुरुस्त करू शकतो. मात्र मूळ नोंदीला हात लावता येत नाही. खाडाखोड नाही, पांढरा रंग फासणे नाही. दुरुस्ती समासात लिहावयाची आणि तिच्याखाली सही व तारीख घालावयाची. चूक केवळ लेखनाची असेल तर निबंधक स्वतः चौकशी करून ती सुधारतो. चूक आशयाची असेल, तर चूक कोणती व खरी वस्तुस्थिती कोणती हे सांगणारे दोन माहीतगार व विश्वासार्ह व्यक्तींचे प्रतिज्ञापन नियमांनुसार लागते. खेड्यात या दोन व्यक्ती बहुधा पंचायत सदस्य आणि शिक्षक याच असतात. गावातल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून केलेली सही येथे चालणार नाही. आपल्याला जे ठाऊक आहे त्याखालीच सही करावी. राजपत्रात जाहिरात दिली की जन्मनोंद आपोआप बदलते, हा समजही सोडून द्यावा.

पिता मूल जन्मण्यापूर्वीच वारला असेल, तरीही पिता म्हणून त्याचेच नाव लागते. विधवेला यासाठी परत पाठविणारे लोक आहेत म्हणून हे सांगावे लागते.

याहून अवघड प्रकरणे वादाची. विवाहसंबंध टिकून असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे कायदा सामान्यतः धरून चालतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ही तरतूद होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये ती कायम आहे. त्यामुळे गावातली कुजबुज हा निबंधकाच्या चौकशीचा विषय होऊ शकत नाही. एखादा पुरुष पितृत्व नाकारीत असेल, तर तो वाद न्यायालयाचा. नोंदवहीसमोर पंचायत भरवून तो मिटविता येत नाही. उलट बाजूचेही उदाहरण आहे. पतीशी बेबनाव झालेल्या एका मातेने अपत्याच्या जन्मनोंदीत एकल पालक म्हणून केवळ आपलेच नाव ठेवावे, अशी मागणी केली असता मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये ती फेटाळली. नोंद मुलाची आहे, आईबापांच्या भांडणातील हत्यार नव्हे, असा या निर्णयाचा रोख. मातेने पुनर्विवाह केला असल्यास नव्या पतीला मुलाचा पिता म्हणून मान्यता मिळण्याचा सरळ मार्ग दत्तकविधानाचा आहे. समासातल्या एका ओळीने ते साधू नये.

आता एकट्या मातेविषयी. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी स्पष्ट निर्देश दिला की, एकल पालक किंवा अविवाहित माता आपल्या पोटी जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यासाठी अर्ज करील, तर तिच्याकडून तशा अर्थाचे शपथपत्र तेवढे घ्यावे आणि न्यायालयाचा विपरीत आदेश नसल्यास दाखला द्यावा. पित्याचे नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर नाही. तो रकाना कोरा राहतो, आणि असा कोरा रकाना हा नोंदीतील दोष नव्हे. डिसेंबर २०१६ पासून पारपत्राच्या अर्जातही आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाची नोंद बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करावयाची आहे. आईचे नाव वडिलांच्या आधी आले, हे बरेच झाले. बाळंतपण कोणी केले हे नोंदवहीइतके पक्के कोणाला ठाऊक असणार!

शिक्षकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून शासकीय नेमणुकीपर्यंत जन्म दाखला हाच पुरावा ठरतो. पण कशाचा? जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा. पित्याचा रकाना कोरा आहे म्हणून मुलाला दारातून परत पाठविणारा मुख्याध्यापक कायद्याने न मागितलेली गोष्ट मागत असतो. शिवाय शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावीही प्रवेश नाकारता येत नाही. मूल आधी वर्गात बसवावे. दुरुस्तीचा अर्ज सावकाश होऊ द्यावा. आणि त्या अर्जाची चौकशी करावयाची ती दार लोटून, आईला खुर्ची देऊन करावी.