गावचा सुतार


आज बोलूया गावच्या सुताराविषयी.

बारा बलुतेदारांत तो थोरल्या ओळीतला.
औत, वखर, तिफण त्यानं घडवायची.
मोडली, की त्यानंच सांधायची.
रोख मजुरी नसे.
सुगीला खळ्यावर जायचं,
वर्षाचं बलुतं धान्यात घ्यायचं.
त्यावरच घर चाले, लेकरांची लग्नं होत.

आता बैलगाडीचं चाक घ्या.
मधोमध तुंबा. त्यात बसवलेले आरे.
वरून लोहाराची लोखंडी धाव,
मुद्दाम जराशी लहान केलेली.
शेणींच्या जाळात ती लाल करायची.
तापली, की धाव फुगते.
झटकन चाकावर चढवायची,
वर पाणी ओतायचं.
धाव आवळते, सारे सांधे घट्ट बसतात.
शाळेतलं प्रसरण-आकुंचन हेच, बरं का!

पुढं ट्रॅक्टर आला. लोखंडी औतं आली.
बलुतं आटलं.
तरी म्हाताऱ्या सुताराचे हात थांबले नाहीत.
दाराची चौकट, कुऱ्हाडीचा दांडा, नातवाचा पाळणा.

पुन्हा सांगतो, बलुतं आटलं, पण काम आटलं नाही.
2023 पासून कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू आहे.
त्यात सुतारकामही येतं.
तुमच्या घरी कुणी सुतारकाम करत असेल,
तर ग्रामपंचायतीत जरूर चौकशी करा.