कुदळ मारण्याआधी



आपल्या पनवेल तालुक्यात आज जिकडे पाहावे तिकडे खोदकाम. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावे उठली. २०१८ साली भूमिपूजन झाले, २०२५ साली विमाने उडू लागली. विमानतळ नको, असे आम्ही म्हणत नाही. पण चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे या गावांतली घरे पाडण्याआधी आपल्यापैकी कितीजणांनी ती मोजून वहीत टिपली?

आमच्या घरची चूक आधी सांगतो. आम्ही लहान असताना परसात विहीर खणत होते. एक मडके लागले. सोने असेल म्हणून वडील माणसांनी ते तिथेच फोडले. आत निघाली माती! खापरे खाडीत गेली. ते कोणी ठेवले, कधी ठेवले, हे आता कधीच कळायचे नाही.

आंध्रात असे होऊ दिले नाही. कृष्णा नदीवर मोठे धरण व्हायचे होते. नागार्जुनकोंडा येथील सतराशे वर्षांपूर्वीची राजधानी पाण्याखाली जाणार होती. पुरातत्त्व खात्याने १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे तिथे खणून पाहिले. कोणती भिंत कुठे, कोणते भांडे कोणत्या थरात, सारे कागदावर मांडले. काही वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभ्या केल्या. ती टेकडी आता बेट झाली आहे. लोक बोटीने संग्रहालय पाहायला जातात. धरणही झाले आणि इतिहासही राहिला.

थर कशाला बघायचे? वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. जागेवरून उचललेले भांडे म्हणजे दाखल्यावाचून शाळेत आलेले पोर. त्याचे वय कळत नाही, गाव कळत नाही.

म्हणून पाया खणताना जुने काही लागले, तर कुदळ थांबवा. वस्तू धुऊ नका, हलवू नका. तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवलेच पाहिजे, असा १८७८ सालचा कायदा आहे. लपवले तर शिक्षा होते, बरं का!

आणि जुने म्हणजे राजाचेच नव्हे. खाऱ्या जमिनीचा बांध, मिठागर, गावदेवीची जागा, विहिरीच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा, हीही आपल्या वाडवडिलांच्या हातची निशाणी. ती शंभर वर्षांची होईपर्यंत कोण थांबणार? घर पाडायचे ठरले, तर आधी दोरीने ओटी, माजघर, चूल मोजा. फोटो काढा. म्हातारीला विचारा, हे जोते कोणी घातले? ती सांगेल ते लिहून ठेवा.

तुम्ही आता लिहायला शिकलात. पहिली वही या कामाला लावा.