टॅब नंतर, आधी कान

आज पेडल स्टील गिटार. इथं कोल्हापुरात मला हे शिकवणारं कुणी भेटलं नाही, म्हणून सगळे सांगतात, टॅब डाउनलोड कर. मी दिवसभर कोड लिहिणारा, मला आकडे आवडतातच. पण या वाद्यावर फ्रेट म्हणजे नुसत्या आखलेल्या रेषा. बार जरा सरकला की बेसूर! ई-नाइन ट्यूनिंगमध्ये ५व्या तारेवर ए पेडल दाबलं की ‘बी’चा ‘सी शार्प’ होतो, हे टॅब सांगते. पेडल किती सावकाश दाबायचं, ते नाही सांगत. आणि खरी गंमत तिथंच आहे. आपल्या भाषेत मींडच की ती!

अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायचे. त्यांची गायकी पुढं गेली ती समोर बसून, ऐकूनच.

माझ्यासमोर गुरू नाही, रेकॉर्डिंग आहे. दोन सेकंदांचा तुकडा, यूट्यूबचा स्पीड ०.५, आधी गुणगुणायचं. गळ्यातनं मींड निघाली की मगच बार हातात. एका ओळीला कधी आठवडा जातो, जाऊ दे. टॅब मी शेवटी उघडतो, कारण एकच सूर बऱ्याच तारांवर सापडतो आणि वाजवणाऱ्यानं कुठली तार धरली, ते कानाला दर वेळी कळत नाही.